मध्यंतराला उठलेला माणूस

२९ डिसेंबर

मास्तर,

'प्रिय' लिहून खोडलं. खोडाखोड दिसायला नको म्हणून नवा कागद घेतला. तेव्हा वर नुसतं 'मास्तर' आहे, त्याचा वेगळा अर्थ काढत बसू नकोस. भूमिती शिकवणाऱ्यांना जे ते सिद्ध करायची खोड असते.

आज वर्षातला शेवटचा रविवार. मन कामात राहावं म्हणून दातांच्या दोन कवळ्या घासायला घरी आणल्या होत्या. चार वाजले आणि हात थांबला. एकोणीस वर्षं या दिवशी चार वाजता तू दारात यायचास आणि आत पाऊल टाकायच्या आधीच विचारायचास, "कवळी, यंदाचा सगळ्यात वाईट सिनेमा कुठला?" आधी वाईट, मग चांगला. प्रत्येकी एकच. भीडभाड नाही, 'बरा होता' म्हणायची सोय नाही. नियम तुझेच. तिसरं मत हिचं असायचं. आपण दोघं तावातावाने भांडत असायचो आणि ही मध्येच म्हणायची, "मला बाई त्यातला जिना आवडला."

ही गेल्यावरही आपण ते मोडलं नाही. मोडलं ते गेल्या वर्षी. या घरातून तू उठून गेलास तो गेलासच. मी हाक मारली नाही. तू लिहिलेल्या सिनेमाला मी वर्षातला सगळ्यात वाईट म्हटलं, तेही मी परत घेत नाहीये.

शाळा सांभाळून तीन वर्षं लिहीत होतास. मला एक ओळ वाचून दाखवली नाहीस. पहिल्या खेळाला मला शेजारच्या खुर्चीत बसवलंस, आणि पडद्यावर काय? एक माणूस, त्याची बायको दवाखान्यात, आणि तो तिला सोडून समोरच्या थेटरात सिनेमा बघायला जातो. तिकीट फाडून आत शिरतो आणि मध्यंतर. मी उठलो तो थेट घरी आलो. तुला वाटलं असेल, चहा प्यायला गेला.

ही गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि तुला. कारण मी परत येईपर्यंत तू तिच्यापाशी बसला होतास. तू मला शब्द दिला होतास, हे कुणाला सांगणार नाही म्हणून. सहा आठवडे मी त्या लोखंडी स्टुलावरून हललो नव्हतो, मास्तर. सहा आठवड्यांत दोन तास. आणि तू तेवढेच दोन तास उचललेस.

लेक घर सोडून गेली ती त्यापायी. तुझ्यापायी.

असो. नियम म्हणजे नियम. यंदाचा सगळ्यात वाईट: तो बर्फात हरवलेल्या जुळ्या भावांचा. दोघांची दाढी मात्र रोज केलेली. सगळ्यात चांगला: उंचीला भिणाऱ्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा. त्याच्या हातातला पाना थरथरतो ते पाहिलंस का? पाहिला नसशील तर बघ.

उत्तर पाठवायची गरज नाही.

कवळी

३१ डिसेंबर

मास्तर,

गेल्या डिसेंबरात उत्तर पाठवायची गरज नाही असं लिहिलं म्हणजे वर्षभर पाठवूच नये असं नसतं. तुझं डोकं कंपासपेटीत ठेवलंय की काय?

वर्ष कसं गेलं ते तुला कोण सांगणार, म्हणून सांगतो. लेकीचं लग्न झालं. मला कळवलं, बोलावलं नाही. आता तिला मुलगी झालीय. ते मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, तोंड उघडून, माप देता देता. "अभिनंदन आजोबा," म्हणाला, म्हणजे म्हणाला असावा, कारण तोंडात मेणाचा साचा होता. मी म्हटलं, "हलू नका." आणि मग मलाच तो साचा दोनदा करावा लागला.

तुला एक गोष्ट माहीत नाही. कदाचित माहीत असेल.

ही गेली त्या दुपारी लेक परीक्षेला परगावी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. पिशवी खांद्यावरून न काढता तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आई एकटी होती?" मी म्हटलं, "नाही गं. तिचा हात माझ्या हातात होता." बस, एवढंच म्हणायचं होतं. पण पोरीचा चेहरा असा सैल पडला की मी पुढे बोललो. म्हटलं, तुझं नाव घेतलं तिने. मग पुढच्या वर्षी सांगताना खिडकीतून ऊन आलं. त्याच्या पुढच्या वर्षी ही हसली. सिनेमा रंगवून सांगावा तशी मी ती गोष्ट रंगवत गेलो, आणि लेक दर वेळी पुन्हा सांगायला लावायची.

आणि मग तो रविवार. तू खुर्चीत, मी पलंगावर, लेक आत चहा करत होती. तुझ्या सिनेमाचा विषय निघाला, शब्दाने शब्द वाढला, आणि नको ते तिच्या कानावर गेलं. तिने तिन्ही कप नीट खाली ठेवले. तुझा तुझ्यासमोर, माझा माझ्यासमोर. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही थेटरात होतात?"

तुम्ही. मास्तर, बोलायला लागल्यापासून ती मला 'अरे बाबा' म्हणत आली होती.

तू तो सिनेमा लिहिला नसतास तर ती आज माझ्याशी बोलत असती. हे मी रोज म्हणतो. कवळ्या घासताना, भाजी चिरताना. अजून त्यात काही चूक सापडली नाही. तुला सापडली तर कळव.

सगळ्यात वाईट: समुद्रावरचा, तो चार गाण्यांचा. सगळ्यात चांगला: यंदा नाही. पाहिले बरेच, पण एकट्याने पाहिला की चांगला होता की नाही ते ठरत नाही.

कवळी

१७ ऑगस्ट

प्रिय मास्तर,

काल मी तुझा सिनेमा पाहिला. पुरा.

ठरवून नाही. वाचनालयाच्या बाई शनिवारी दुपारी वरच्या दालनात जुने सिनेमे लावतात. वीस-पंचवीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडक्यांना काळं कापड. मी पुस्तक बदलायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, "बसा ना, आज आपल्या इथल्याच एका शिक्षकांनी लिहिलेला आहे." मला पळता आलं असतं. मी दाराजवळची खुर्ची धरली. म्हटलं, मध्यंतराला उठू. तिथे मध्यंतरच नव्हतं. वाचनालयात कोण मध्यंतर करतं?

म्हणून उरलेला अर्धा माझ्या अंगावर आला.

दवाखान्याची ती खोली. तू स्वतःच्या जागी बहीण दाखवली आहेस. बहीण बाईच्या उशाशी बसलेली आहे. बाईचा श्वास बदलतो. बहीण उठते, "थांब, त्याला बोलावून आणते, समोरच तर आहे," म्हणते. आणि बाई म्हणते, "नको बोलावूस त्याला. सिनेमा अर्धा टाकून आला तर जन्मभर लोकांना शेवट विचारत फिरेल."

दालनातले लोक हसले, मास्तर. दोघी-तिघी हसता हसता रडल्या. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. कानात नुसती घंटा वाजत होती. कारण हे वाक्य तुझं नाही. तुझी पात्रं अशी बोलत नाहीत. तुझी पात्रं काटकोनात बोलतात. हे हिचं आहे. हिच्या खेरीज कोणी असं बोलणार नाही.

मग बाई म्हणते, "सहा आठवडे बघते आहे. तो समोर बसला की मला निघवत नाही."

सिनेमा संपला. लोकांनी आपापल्या खुर्च्या भिंतीला लावल्या. बाईंनी माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "काका, पाणी आणू का?"

आता कबूल करतो. गेल्या पत्रात 'शब्दाने शब्द वाढला' असं लिहिलं होतं. वाढला बिढला नव्हता. तू एकच प्रश्न विचारला होतास, अगदी हळू आवाजात, "पुरा पाहिलास का?" आणि मी ओरडलो. "पुरा कशाला बघू? ती तिकडे मरत होती आणि मी थेटरात बसलो होतो, हे मला ठाऊक नाही का?" तू तोंडातून चकार शब्द काढला नव्हतास. तुझ्या सिनेमावरून कोणाला काय कळणार होतं? नावं वेगळी, गाव वेगळं. लेकीने तो पाहिला होता आणि तिला आवडला होता, हे तुला माहीत आहे? मला आता आठवतंय. पोरीला सांगितलं ते मीच. माझ्याच तोंडाने, माझ्याच घरात. आणि अडीच वर्षं मी तुला शिव्या घालतो आहे.

त्या दुपारी मी साडेपाचला परत आलो तेव्हा तू दारात उभा होतास. तू म्हणालास, "वहिनी म्हणाल्या..." आणि मी म्हटलं, "एक अक्षर बोलू नकोस." त्यानंतर चार वर्षं तू जेव्हा जेव्हा तो विषय काढलास, मी उठून खिडकी लावायला गेलो. म्हणून तू लिहिलंस. बरोबर ना? मला खुर्चीत बसवून, अंधार करून, तोंड बंद करून सांगायचं ठरवलंस. आणि मी मध्यंतराला उठलो.

मला फक्त एवढं सांग. ती खरंच तसं म्हणाली, की तू रचलंस? तू रचलं असशील तरी मी तुझे पाय धरीन. पण सांग.

तुझा,
कवळी

२ सप्टेंबर

कवळी,

तुझी तिन्ही पत्रं माझ्यापाशी आहेत. लिफ्टवाल्याचा सिनेमा मी तुझं पत्र आल्यावर पाहिला. पाना खरंच थरथरतो. पण शेवट फसलाय. तू भांडला असतास.

वहिनी तसं म्हणाल्या. अक्षर न् अक्षर. मी उठलो होतो, दाराच्या कडीला हात घातला होता. त्यांनी "भावजी" अशी हाक मारली आणि ते वाक्य बोलल्या. मी परत बसलो. ते चूक की बरोबर ते मला आजही ठरवता आलेलं नाही. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागली असती. तू पोचला असतास. हे मी रोज म्हणतो, तू जसं म्हणतोस तसं. म्हणजे तुझा राग मला परका वाटला नाही. मीच माझ्यावर तो काढत होतो.

एक गोष्ट मी सिनेमात घातली नाही. ती तुमची होती. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरीला सांगा, मी एकटी नव्हते." तेव्हा मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत वहिनींचा हात मी कधी धरला नव्हता. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, वाक्य खोटं पडू नये म्हणून धरला. तेव्हा तू लेकीला जे सांगितलंस त्यात फक्त हात दुसऱ्याचा होता.

हे तिला सांग. माझं पत्र दाखवलंस तरी चालेल.

थेटरातला तो प्रसंग मात्र मी रचला. अंधारात तो माणूस रडतो तो. तू तिथे काय केलंस ते मी तुला कधी विचारलं नाही.

तू येतो म्हणशील. येऊ नकोस. राग नाही. पण मी वहिनींना शब्द दिला होता पोरीला सांगायचा आणि तुला दिला होता कुणालाच न सांगायचा. दोन्ही सांभाळता सांभाळता दोन्ही मोडले, आणि तुझी पोर गेली ती मलाही 'काका' म्हणायची. पुन्हा तुझ्यासमोर बसून सिनेमावर बोलायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. काही गोष्टी दुरुस्त होतात, पण वापरता येत नाहीत.

मास्तर

२६ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

काल जाऊन आलो लेकीकडे. फोन केला नाही, कारण केला असता तर ती नको म्हणाली असती.

तिसरा मजला. दारावर दोघांची नावं. तिनेच दार उघडलं. केस कापलेत तिने, हिच्यासारखेच कानापर्यंत. मी तुझं पत्र पुढे केलं. तिने ते दारातच, उंबऱ्याच्या आत उभं राहून वाचलं. मी बाहेर. आत बाळ झोपलं होतं, पंख्याचा आवाज येत होता. ती शेवटपर्यंत वाचून पुन्हा मधल्या ओळीवर गेली. बोट कुठे थांबलं ते मी पाहिलं.

"या आत," म्हणाली.

'ये' नाही म्हणाली. पण आत घेतलं.

मला वाटत होतं, मास्तर, तुझं पत्र म्हणजे किल्ली आहे. कुलूप उघडणार. चार तासांच्या बसमध्ये मी तिची वाक्यं सुद्धा ठरवून ठेवली होती. ती म्हणाली ते त्यांतलं एकही नव्हतं.

ती म्हणाली, "आईनेच तुम्हाला बोलावू दिलं नाही हे मला तेव्हाच कळलं असतं तर मला काहीच वाटलं नसतं. सहा आठवडे बसलेला माणूस दोन तास बाहेर जाईल नाही तर काय करील? मी त्यासाठी गेले असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "मग?"

"तुम्ही सांगितलेली गोष्ट मी माझी म्हणून जपली होती. ऊन, हात, माझं नाव. लग्नाच्या आधीच, सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी नवऱ्याला ती सांगितली, म्हटलं, मरण असं यावं. आणि ती तुम्ही बनवली होती. आईचं शेवटचं जे माझ्यापाशी होतं, ते आईचं नव्हतंच. मग माझ्यापाशी काय राहिलं?"



तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग बाळाची झबली घडी घालता घालता, मान वर न करता तिने विचारलं, "कुठला सिनेमा होता?"

तिला सांगितलं ते तुलाही सांगतो, कारण हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. हिच्या फोटोलाही नाही.

तू माझ्यावर दया केलीस, मास्तर. तुझ्या सिनेमातला माणूस अंधारात रडतो. मी रडलो नाही. तो विनोदी सिनेमा होता. एक वाढपी, त्याला नोकरीवरून काढलंय हे त्याला कळतच नाही, तो रोज येऊन वाढत राहतो. मी आत शिरलो तेव्हा वाटलं होतं, पाच मिनिटांत बाहेर पडू. आणि मग मी हसायला लागलो. पहिल्यांदा थोडं, मग थांबवता येईना. शेजारच्या माणसाने माझ्याकडे बघितलं इतका. पोट दुखलं, डोळ्यांत पाणी आलं. ही त्या खोलीत श्वास सोडत होती आणि मी पोट धरून हसत होतो. आणि मला बरं वाटत होतं, मास्तर. सहा आठवड्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटत होतं. बाहेर पडून रस्ता ओलांडताना मी मनात जुळवत होतो, हिला कुठला प्रसंग आधी सांगू.

म्हणून तुला बोलू दिलं नाही. म्हणून लेकीला ऊन सांगितलं, हात सांगितला. मी तिथे नव्हतो हे लपवायचं नव्हतंच. मी हसत होतो, ते लपवायचं होतं.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. तिच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. मला वाटलं, आता उठवेल. ती म्हणाली, "चांगला होता?"

मी म्हटलं, "हो. फार चांगला होता."

ती रडली. आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून तोंडावर ते झबलं धरून. मी उठलो, पण तिने दुसऱ्या हाताने मला थांब अशी खूण केली, जवळ येऊ नको अशी. मी आपला उभा राहिलो, पेला हातात घेऊन, जसा काही मी तिथला वाढपी.

मग तिने डोळे पुसले. "बाबा," म्हणाली, "हे पहिलं तुम्ही मला खरं सांगितलंत." आणि झबलं घडी घालून ठेवत, "आज आणखी नको. बस चुकेल तुमची."

बस पाचची होती, तीन वाजले होते. मी म्हटलं, "हो, चुकेल."

बाळ दाखवलं नाही तिने. मीही मागितलं नाही. जिना उतरताना वरून रडण्याचा आवाज आला, बारीक, भुकेचा. मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून तो थांबेपर्यंत उभा राहिलो. तेवढीच नातीची ओळख.

तू येऊ नकोस म्हणालास, मी येणार नाही. हे पत्र वाचून उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी चालेल. पण कधी पुन्हा लिहिलंस आणि त्या माणसाला त्या थेटरात बसवलंस, तर त्याला रडवू नकोस. त्याला हसू दे.

तुझा,
कवळी